चित्रकलेच्या तासाला खाण्याच्या वस्तू: कुणी हा धडा खरंच घेतलाय का?

रेघोटी

मी सहावीला चित्रकला शिकवते. वर्गात ३८ मुलं. जोडतास मिळतो, म्हणजे ७० मिनिटं, पण त्यातली पहिली दहा जागेवर बसण्यात आणि शेवटची दहा आवरण्यात जातात. या सत्रात 'माध्यम' हा विषय चालू आहे. पेन्सिल, खडू, जलरंग झाले. आता एक तास खाण्याच्या वस्तूच माध्यम म्हणून घ्याव्यात असं डोक्यात आहे.

गेल्या वर्षी घेतला होता, तो फसला. फळांच्या फोडी दिल्या आणि ताटलीत काहीतरी रचा म्हटलं. मी चेहऱ्याचं नावही काढलं नव्हतं, तरी तीस ताटल्यांत दोन गोल डोळे आणि खाली एक वाकडी फोड. उरलेल्या आठांनी माझं वाक्य संपायच्या आत डोळे खाऊन टाकले होते. मजा आली सगळ्यांना. पण घरी जाताना मलाच वाटत राहिलं, यात चित्रकला कुठे होती? हेच मधल्या सुट्टीत झालं असतं तरी काय बिघडलं असतं?

मुख्याध्यापकांची ना नाही. दोन अटी आहेत: नासाडी नको आणि फरशीवर डाग नकोत. कुणी असा धडा घेतला असेल, किंवा मुलांच्या शाळेत झालेला पाहिला असेल, तर काय जमलं आणि काय आपटलं ते सांगाल का? गूगल करून झालंय. तिथेही हसरे चेहरेच आहेत.

चुळबुळ

पहिला!

माझं मत त्या आठ जणांना. माध्यमाची खरी ओळख त्यांनाच पटली.

कोरा_कागद

चुळबुळ :D

रेघोटीताई, फोडी दिल्यात म्हणजे आकार आयते दिलेत. गोल चकती हातात आली की पोरगं डोळाच करणार, आपणही तेच करू. वीस वर्षं चित्रकला शिकवून मी एक गोष्ट शिकलोय. खाण्याची वस्तू आणायची तर तिच्यातलं एकच काहीतरी निवडायचं. रंग किंवा ठसा किंवा पोत. 'काहीतरी रचा' म्हटलं की गेलं.

माझा खात्रीचा धडा म्हणजे अर्धा कांदा. आडवा कापला की वर्तुळं दिसतात, उभा कापला की ज्योतीसारखा आकार. मुलांना आधी न बघता कांद्याचा काप काढायला सांगतो. सगळे कंपासने काढल्यासारखी एकात एक वर्तुळं काढतात. मग खरा कांदा समोर ठेवतो. वर्तुळं मुळीच गोल नसतात, मधोमध बरेचदा दोन गाभे असतात, एक पापुद्रा जाड तर शेजारचा कागदासारखा. दुसरं चित्र पहिल्याशेजारी ठेवलं की मला बोलावंच लागत नाही. आणि कांदा नंतर स्वयंपाकघरात जातो, नासाडी शून्य.

डोळ्यांतून पाणी येतं, तेवढी तयारी ठेवा. एकदा शेजारच्या वर्गाच्या बाई धावत आल्या होत्या, मी मुलांना मारलं की काय म्हणून.

निळीशाई

मी विज्ञानाची आहे, पण या विषयात नाक खुपसणारच. जांभळा कोबी घ्या.

कोबी किसून गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचा आणि गाळायचा. गडद जांभळं पाणी मिळतं. त्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते आंबट पदार्थ लागला की गुलाबी-लाल होतं आणि खाण्याचा सोडा लागला की निळं, सोडा जास्त झाला की हिरवटसुद्धा. म्हणजे एका वाटीतून तीन-चार रंग. मुलांना एक ब्रश कोबीच्या पाण्यासाठी, एक लिंबाच्या रसासाठी, एक सोड्याच्या पाण्यासाठी. ब्रशांची अदलाबदल झाली की रंग आपोआप बदलतात, ओरडू नका, तोच धडा.

बीट त्या कामाला घेऊ नका. दिसायला तसंच लाल-जांभळं, पण त्यातलं रंगद्रव्य वेगळ्या कुळातलं आहे, लिंबू-सोड्याने तसं खेळत नाही. हळद मात्र चालते, फक्त उलट बाजूने. आंबटाने काही होत नाही, साबणाने लालभडक होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल झालेला कुणी पाहिला नाही असं घर नसेल.

शंकासुर

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण मी विरोधी बाकावर. अन्नाशी खेळू नये हे आपल्याला लहानपणी ज्या कारणासाठी सांगितलं ते कारण अजून संपलेलं नाही. रंग बाजारात मिळतात. वर्गात ३८ मुलं आहेत, त्यातलं एखादं सकाळी काही न खाता आलेलं असू शकतं. त्याच्यासमोर फळांचे डोळे करून ते शेवटी कचऱ्यात टाकायचे, यातून ते मूल कोणती कला शिकेल?

पेन्सिलीचं_टोक

शंकासुर, दरवेळी असा दुधात मिठाचा खडा टाकलाच पाहिजे का? एका कोबीने कुणी उपाशी मरत नाही.

दुपारची_शाळा

पे.टो., ते म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. मी फारशी लिहीत नाही इथे, पण हे लिहिते.

मी चौथीत असताना आमच्या वर्गात कडधान्यं चिकटवून मोर करायचा होता. प्रत्येकाने घरून मूठ-मूठ आणायची. त्या महिन्यात आमच्या घरी मूठभर काढून देण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मला माहीत होतं, म्हणून मी आईला विचारलंच नाही. बाईंना सांगितलं, विसरले. बाईंनी शेजारणीच्या वाटीतले थोडे दाणे मला दिले. मी मोराचा पिसारा अर्धा केला आणि उरलेले दाणे फ्रॉकच्या खिशात टाकले. संध्याकाळी ते पातेल्यात टाकताना आईने विचारलं, हे कुठून आणलेस? तेव्हाही मी काही बोलले नाही.

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या लक्षातच आलं नाही. तो अर्धा मोर पुढे वर्षभर भिंतीवर होता आणि दरवेळी मी त्यातले दाणे मोजायचे. त्यामुळे रेघोटीताई, धडा जरूर घ्या, फक्त 'घरून आणा' म्हणू नका. आणि जे खाता येईल ते डिंकात बुडवू नका.

शंकासुर

दुपारची_शाळा, मला इतकं नीट सांगता आलं नसतं. माझा विरोध मागे घेत नाही, पण सूर खाली घेतो.

पेन्सिलीचं_टोक

माझं वरचं वाक्य मी मागे घेतो. आणि सूरही.

कोरा_कागद

दुपारची_शाळा, वाचून थांबलो थोडा वेळ. मी स्वतः कडधान्यांची चित्रं करून घेतली आहेत, अनेक वर्षं. कुणी किती आणलं हे कधी पाहिलं नाही.

ताई, मग नियम असा करता येईल का: फक्त तेच वापरायचं जे एरवी टाकूनच देतो. सालं, देठ, बुडखे, चहाचा चोथा, उरलेली कॉफी. सेलरीची जुडी बुडाशी सपाट कापली की तो बुडखा रंगात बुडवून उमटवा, गुलाब येतो, अगदी पाकळीला पाकळी. ढोबळी मिरचीच्या वरच्या चकतीचा ठसा तीन-चार पाकळ्यांच्या पानासारखा. कांद्याची कोरडी सालं उकळली की बदामी-केशरी रंग निघतो, तोही मस्त.

भाजीपाला

ठशांचा विषय निघालाच आहे तर बटाट्याबद्दल. सगळे सांगतात सोपा असतो, आणि सगळ्यांचा पहिला ठसा म्हणजे नुसता ओला धब्बा. कारण एकच, कापलेल्या बटाट्याला पाणी सुटतं. कापल्यावर जुन्या कापडावर पालथा घालून दहा मिनिटं ठेवा, मग रंग लावा, तोही दाट. पातळ रंग घसरतो.

मुलं आपलं नाव कोरतात आणि उमटल्यावर उलटं येतं. हे आधी सांगायचं नाही. 'र' उलटा आल्यावर पोरं जे तोंड करतात ते बघण्यासाठी मी दरवर्षी गप्प बसते.

सुरी मात्र नको. चमच्याच्या टोकाने कोरलं तरी चालतं, वेळ लागतो एवढंच.

सोलाणे

पालक म्हणून दोन शब्द, कारण अजून कुणी बोललं नाही. माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. खायलाच हवं असं नाही, हाताला लागून तो हात तोंडात गेला तरी पुरतं. शाळेतल्या एका उपक्रमात कुणीतरी शेंगदाण्याचं बटर ब्रेडवर 'रंग' म्हणून दिलं होतं. आम्हाला आधी कळवलं नव्हतं. मुलगी शहाणी, तिने स्वतःच मागे सरकून सांगितलं म्हणून निभावलं.

शेंगदाणे, दूध, अंडं, गहू, तीळ, अक्रोड-बदामासारखं काहीही असेल तर आठवडाभर आधी चिठ्ठी पाठवा. आणि ज्या टेबलावर कालपर्यंत पोस्टर रंग सांडत होते तिथे ठेवलेलं काहीही खायला देऊ नका. आज हे खाणं आहे की रंग, ते तास सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं.

रेघोटी

बापरे, एका दिवसात एवढं! सोलाणे, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. गेल्या वर्षी मी नेमकं तेच ठरवलं नव्हतं.

दुपारची_शाळा, साहित्य सगळं मीच नेणार. नक्की.

वाचकमित्र

हसऱ्या चेहऱ्यांचा एवढा राग करू नका, त्यांचे पूर्वज मोठे आहेत. मिलानचा चित्रकार ज्युसेप्पे आर्चिंबोल्दो. त्याने १५९१ च्या सुमारास सम्राट रुडॉल्फ दुसरा याचं व्यक्तिचित्र पूर्ण फळा-भाज्यांतून रंगवलं. नाकाच्या जागी नाशपती, आणि सम्राट खूश! ते चित्र आज स्वीडनमधल्या स्कोक्लोस्टर किल्ल्यात आहे.

पण वर्गासाठी त्याचं दुसरं चित्र जास्त कामाचं. क्रेमोनाच्या संग्रहालयात आहे. सरळ धरलं तर भाज्यांनी भरलेलं एक भांडं. उलटं केलं की टोपी घातलेला गुबगुबीत माळी, भांड्याचीच टोपी झालेली. मुलांना आधी भांडंच दाखवा, काय काय भाज्या दिसतात विचारा, पाच मिनिटं बोलू द्या. मग काही न बोलता चित्र फिरवा.

चुळबुळ

वाचकमित्र, आत्ता मोबाईल उलटा धरून बघितलं. स्क्रीनही फिरली. पाच मिनिटं भांडंच बघत होतो.

आत्याबाई

आमच्या शाळेत भिंतीवर बिस्किटांच्या चुऱ्याची चित्रं लावली होती. सोमवारी बघतो तर मुंग्यांची रांग खिडकीतून आत येऊन एका चित्रातल्या सूर्यापर्यंत, आणि सूर्य अर्धा गायब. मुलं म्हणाली, ग्रहण. शिपाईकाका जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

वाचकमित्र

आत्याबाई, तुमच्या मुंग्यांना मोठी परंपरा आहे! एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने १९७० साली व्हेनिस बिएनाले या कला-प्रदर्शनात एक अख्खी खोली चॉकलेटने छापलेल्या कागदांनी मढवली होती. उन्हाळ्यात वासाने मुंग्या आल्याच. डिटर रोथ या कलाकाराने तर १९६८ साली चॉकलेटमध्ये आपला अर्धपुतळा ओतला, तोही पक्ष्यांनी चोच मारून संपवावा म्हणून.

चुळबुळ

आणि भिंतीला टेपने चिकटवलेलं ते केळं राहिलंच की. इटालियन कलाकार कॅटेलान, २०१९. नंतर २०२४ साली लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं आणि घेणाऱ्याने खाल्लं. रेघोटीताईंची आठ मुलं काळाच्या पुढे होती, मी सुरुवातीलाच म्हटलं होतं.

शंकासुर

केळ्याचा विषय काढू नका, माझा सूर परत वर जाईल.

पेन्सिलीचं_टोक

नावाला जागून एक भर घालतो. खोडरबर १७७० च्या सुमारास वापरात आलं. त्याआधी पेन्सिलीची रेघ पावाच्या मऊ गोळ्याने पुसत. कोळशाच्या कांडीसाठी आजही काही जण वापरतात.

आमच्या सरांनी यावर धडा घेतला होता. अख्खा कागद कोळशाने काळा करायचा. मग पावाच्या आतल्या पांढऱ्या भागाचा गोळा करून जिथे उजेड हवा तिथला काळा उचलायचा. घासायचं नाही, दाबून उचलायचं. रेघ एकही काढायची नाही. मी खिडकी काढली होती. म्हणजे काढली नव्हती, काळोखातून उचलली होती. कडा घेऊ नका, ओरखडे पडतात, आणि लोणी लावलेला पाव तर मुळीच नको, कागदावर तेलाचे डाग बसतात. पाच-सहा मुलांना एक शिळी चकती पुरते. शंकासुर, शिळी लिहिलंय, बघून घ्या.

शंकासुर

बघितलं. मंजूर.

कोरा_कागद

पे.टो., हे मी उचललं. पावासारखंच.

जुन्या माध्यमांत अंड्याचा बलकही आहे. रंगाची पूड आणि पाणी घालून केलेलं टेम्परा. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचं 'व्हीनसचा जन्म' टेम्परातलंच. पण कच्चं अंडं ३८ मुलांच्या हातात देऊ नका, पोटाचे आजार, अ‍ॅलर्जी आणि वास तिन्ही आलं. शिक्षकाने करून दाखवायचं, बस.

निळीशाई

उन्हाचा महिना असेल तर एक सावकाशीचा प्रयोग. पालकाचा रस कागदावर दोन-तीन हात लावून अंधारात वाळवा, वर एखादं जाळीदार पान ठेवून काचेखाली दाबा आणि उन्हात सोडून द्या. उघडा भाग फिकटतो, पानाखालचा हिरवा राहतो. काही दिवस, कधी कधी आठवडे लागतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये अशा वनस्पतींच्या रसांच्या छायाचित्रांवर लिहिलं होतं. हे चित्र पक्कं करता येत नाही, भिंतीवर लावलं की पुसटच होत जातं. म्हणून ते पाकिटात ठेवायचं आणि अधूनमधून काढून बघायचं.

आत्याबाई

पालकाला मुंग्या लागतात का?

निळीशाई

नाही लागत, आत्याबाई. गोगलगायी आल्या तर मला कळवा.

रेघोटी

तीन आठवड्यांनी येतेय, धडा झाला. जरा सविस्तर लिहिते.

कोबीच ठरवला. आदल्या रात्री घरी पाणी केलं. निळीशाई, तुम्ही किसून गरम पाण्यात ठेवा म्हणाला होतात, मी शहाणपणा करून पातेल्यात उकळला. घरभर जो वास सुटला तो सकाळपर्यंत गेला नाही. दीड कोबीत सगळ्या वर्गाला पुरेल इतकं पाणी झालं. साहित्य मीच नेलं. पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी गेली होती. सुरुवातीलाच सांगितलं, आज हा रंग आहे, कुणी चाटायचा नाही. तरी दोघांनी चाटला. तोंडं बघून बाकीच्यांना सांगावं लागलं नाही.

पहिला घोटाळा: वाटीत सुंदर जांभळं असलेलं पाणी कागदावर वाळताना निळं व्हायला लागलं. मला वाटलं सोडा सांडला. नंतर एका मुलाने वहीच्या फिकट पिवळ्या पानावर ओढलं तर तिथे जांभळंच राहिलं.

मुलांनी आधी रंग बदलायचा सपाटाच लावला. पहिली पंधरा मिनिटं नुसता चिखल. मग मागच्या बाकावरच्या एकीने कोऱ्या कागदावर लिंबाच्या रसाने काहीतरी काढलं, म्हणजे दिसत काहीच नव्हतं, आणि त्यावरून कोबीच्या पाण्याचा रुंद हात फिरवला. निळ्या-जांभळ्यातून गुलाबी मासा वर आला. ती एवढंच म्हणाली, "आलं." हे मी शिकवलेलं नव्हतं, मला सुचलंही नव्हतं. दोन मिनिटांत अर्धा वर्ग तिच्याभोवती. पुढचा सगळा वेळ प्रत्येक जण न दिसणारं चित्र काढत होता, म्हणजे कुठे काय काढलंय ते डोक्यात धरून. मी गप्प राहून बघत होते. हसरा चेहरा एकही नाही. खोटं कशाला, एक होता.

फरशीवर डाग पडले, ओल्या फडक्याने लगेच निघाले. एका शर्टाचं अजून कळलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी चित्रं परत दिली. सोड्याने हिरव्या केलेल्या जागा पिवळट पडल्या होत्या. एकाचं जंगल वाळलं. तो उभा राहून म्हणाला, "बाई, मार्क कोणत्या चित्राला? त्या दिवशीच्या का आजच्या?"

फोटो काढायला हवे होते, काढले नव्हते. मार्क अजून दिलेले नाहीत.

निळीशाई

कागदाचं सांगायचं माझ्याकडून राहिलं, माफ करा. हल्लीच्या बहुतेक पांढऱ्याशुभ्र कागदात कॅल्शियम कार्बोनेट भरतात, ते सोड्याच्याच बाजूचं. म्हणून निळं होतं. वहीच्या त्या पानात ते कमी असणार. आणि सोडा जास्त झाला की हे रंगद्रव्य हळूहळू मोडतं आणि पिवळं पडतं. जंगलवाल्याला सांगा, त्याचं निरीक्षण बरोबर आहे.

कोरा_कागद

मार्क त्याच्याच हाती द्या. दोन्ही चित्रांबद्दल चार-चार ओळी लिहून आण म्हणावं. आणि त्या मासेवालीला पुढच्या तासाला फळ्याजवळ उभी करा.

दुपारची_शाळा

साहित्य तुम्हीच नेलंत हे वाचलं. बरं वाटलं.

चुळबुळ

मार्क दोन्ही चित्रांची सरासरी काढून. चाटणाऱ्या दोघांना धाडसाचे जादा.

शंकासुर

सगळं ठीक. त्या दीड कोबीचा चोथा कुठे गेला?

रेघोटी

आमच्या पोटात. दोन दिवस. रंग गेलेला कोबी राखाडी-निळा दिसतो, आमच्या घरी विचारा.